तुपाची वाटी

कुत्रं पाळलं की घरातल्या उरल्यासुरल्या अन्नाची सोय होते, असा माझा आपला एक समज होता. माहेरी मी तसंच पाहिलं होतं. रात्री सगळ्यांची जेवणं आटोपली की आजी राहिलेली भाकरी ताकात कुस्करून मागच्या दारी ठेवायची, आणि अंगणातला कुत्रा दोन मिनिटांत भांडं असं चाटूनपुसून लख्ख करायचा की ते पुन्हा घासायचं की नाही असा प्रश्न पडावा! त्या कुत्र्याला 'जेवलास का रे?' असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

म्हणून २०२१ च्या पावसाळ्यात, आमच्या थोरल्यानं साताऱ्याच्या राजवाड्याजवळ कुडकुडत बसलेलं एक तांबूस पिल्लू रेनकोटात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा मी बाकी सगळ्या कटकटींचा विचार केला. कोण फिरवणार, घाण कोण पुसणार, गावाला जायचं झालं तर कुठं ठेवणार! पण त्याच्या जेवणाचा विचार मनातही आला नाही. चपातीचा तुकडा टाकला की झालं!

पालीचा खंडोबा आमचं कुलदैवत. त्यामुळे 'वाघ्या' हे नाव ठेवायला घरात कुणाची हरकत नव्हती. सासूबाई माळकरी. घरात कुत्रं म्हटल्यावर त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. पण त्यांनी पिल्लाकडे बघितलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "खंडोबाच्या पायाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी कुत्रं. आपण कोण नको म्हणणारे? दूध कोमट करून आण." झालं, वाघ्या घरचा झाला.

पहिले तीन-चार महिने काही तक्रारच नव्हती. दूध-चपाती, ताक-भात, भाकरीचा कुस्करा, जे पुढ्यात येईल ते गट्टम. शिवाय माझ्या चपलेचा पट्टा, धाकटीचं खोडरबर आणि ह्यांच्या पाकिटाचा कोपराही त्यानं आनंदानं खाल्ला. आणि मग एका सकाळी त्यानं चपाती हुंगली, आमच्याकडे बघितलं आणि तो बाजूला जाऊन बसला. असेल पोट बिघडलेलं, बागेतलं गवत खाल्लं असेल. दुपारपर्यंत आपणच ठीक झाला असता. पण सासूबाईंचा जीव राहीना. त्यांनी चपातीवर चमचाभर साजूक तूप घातलं, आणि वाघ्यानं ती चपाती तेव्हाच्या तेव्हा संपवली.

आम्हाला वाटलं, चला, जेवला बाई एकदाचा! आज मागं वळून बघताना कळतं, की त्या सकाळी वाघ्या एक धडा शिकला होता. पहिलं वाढलेलं सोडलं की दुसरं, त्याहून चांगलं येतं.

पुढं मग हे वाढतच गेलं. चार दिवस तूप-चपाती चालली, मग ती नको झाली. तूप-गूळ चालला, मग तोही नको. मग दुधावरची साय. मग धाकटीच्या हट्टानं उकडलेलं अंडं. आई माळकरी म्हणून आमच्या स्वयंपाकघरात वशाट शिजत नाही. पण ह्यांनी मागच्या अंगणात एक शेगडी आणि एक जुनं पातेलं खास वाघ्यासाठी मांडलं, आणि रविवारी त्याला चिकन शिजवून घालू लागले. सोमवारपासून शनिवारपर्यंत वाघ्या रविवारची वाट बघत उपोषणाला बसू लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून तीन किलोची तयार खाद्याची पिशवी आणली. दोन दिवस कुर्रम कुर्रम खाल्लं. तिसऱ्या दिवशी वाटी नाकानं अशी सरकवली, की जणू भाजीत मीठ कमी पडलंय. उरलेली पिशवी शेवटी गल्लीतल्या कुत्र्यांनी संपवली, आणि आमच्या ह्यांनी हिशेबाच्या वहीत त्या रकमेपुढं उद्गारचिन्ह काढलं.

रोज संध्याकाळी आमच्याकडे काय नाटक रंगायचं म्हणून सांगू! धाकटी हातात घास घेऊन त्याच्यामागं फिरायची. तिला स्वतःला भरवताना मी जसे चिऊकाऊचे घास करत होते, तसे आता ती वाघ्याला करायची. थोरला त्याच्या वाटीत तोंड घालून खाल्ल्यासारखं करायचा. मी दारात उभी राहून "माऊ, ये गं, वाघ्याचा खाऊ तूच खाऊन टाक" असं शेजारच्या मांजरीला बोलवायची. आणि सासूबाई तुपाची वाटी घेऊन या खोलीतून त्या खोलीत! वाघ्या मात्र पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, डोळे वर करून एकेकाचा कार्यक्रम बघत असायचा. मध्येच भुवई उडवायचा. त्याला भूक होती की नाही देव जाणे, पण करमणूक भरपूर होत होती.

घरी आलेल्या पाहुण्यांना मी सांगायची, "काय सांगू, दिवसदिवस उपाशी राहतं हो हे लेकरू!" पाहुणे वाघ्याच्या गोल पाठीकडे बघायचे आणि सभ्यपणानं गप्प बसायचे.

शेवटी एकदा लस टोचायला नेलं, तेव्हा मी डॉक्टरांपुढं हेच रडगाणं गायलं. हे डॉक्टर आमच्याच जिल्ह्यात, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मोजकं बोलणारे. त्यांनी वाघ्याला काट्यावर उभं केलं. सतरा किलो!

"याचं वजन चौदाच्या आसपास हवं," ते म्हणाले. "वहिनी, उपाशी कुत्र्याचं वजन वाढतं का हो?"

मला काही उत्तर सुचेना. मग त्यांनी एक काम सांगितलं. एक दिवस घरात कुणालाही न रागावता, फक्त लिहून ठेवायचं, वाघ्याच्या पोटात दिवसभरात काय काय जातं ते. मी सकाळी चार तास शाळेत असते, तेव्हा घरी काय चालतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं? फळ्याजवळ अडकवतात तशी एक वही मी स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगली, आणि सगळ्यांना शपथ घातली, की काहीही घाला, पण लिहा.

त्या मंगळवारची ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. सकाळी ६ वाजता आजीच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं. ७ वाजता दुधाच्या पातेल्याची खरवड. साडेआठला ह्यांच्या ताटातले चपातीचे दोन घास, कारण 'शेवटचा घास त्याचाच'. दहा वाजता कुंपणावरून शेजारच्या काकूंनी दिलेला टोस्ट. बाराला नैवेद्याचा वरणभात, वर तूप. चार वाजता थोरल्याच्या हातून चीजचा तुकडा आणि धाकटीच्या हातून मूठभर शेंगदाणे, तिला आवडत नाहीत म्हणून. सहाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून अर्धी खारी. आठला कुणाच्या तरी पेढ्यांच्या बॉक्समधला अर्धा कंदी पेढा. साताऱ्यात राहून पेढ्याला नाही कोण म्हणणार?

आणि शेवटची ओळ माझ्या अक्षरात होती. 'रात्री ८.३०. जेवण वाढले. वास घेतला. तोंड फिरवले.'

मैत्रिणींनो, ती यादी वाचून मला हसावं की रडावं कळेना. घरातल्या प्रत्येकानं त्याला 'एवढंसंच' घातलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांकडून तो उपाशीच राहिलाय, निदान माझ्या हातचा एक घास तरी पोटात जाऊ दे. आठ जणांची 'एवढीशी' माया मिळून एक भलं मोठं जेवण झालं होतं.

डॉक्टरांनी यादी वाचली, पेढ्यापाशी थोडं थांबले, आणि मग सावकाश समजावलं. आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या नऊ हजारांच्या घरात असतात, कुत्र्याच्या जिभेवर साधारण सतराशे. म्हणजे रोज भाजी बदलून हवी ही आपली हौस, त्याची नव्हे. तो जेवतो ते मुख्यतः नाकानं. म्हणून फ्रीजमधलं गार अन्न तसंच पुढ्यात ठेवण्यापेक्षा जरा कोमट करून द्यावं, वास सुटला की त्याची भूक जागी होते. अन्न एकदम बदलू नये, पोट बिघडतं. बदलायचंच तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदलावं. वरचं खाणं दिवसाच्या एकूण आहाराच्या दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. कांदा-लसूण घातलेलं काही द्यायचं नाही, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट तर विषच. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या टोकदार काचा होऊन आतड्यात रुततात. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या-च्युइंगम चुकूनही हाती लागू द्यायचे नाहीत.

"आणि नखऱ्याचं काय?" मी विचारलं.

"सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेसात. वाटी ठेवायची, आणि आपल्या कामाला लागायचं. कुणी जवळ उभं राहायचं नाही, 'खा रे बाळा' म्हणायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचलायची. खाल्लं तर उत्तम, नाही खाल्लं तर पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. मोठा निरोगी कुत्रा एक-दोन वेळा जेवला नाही म्हणून काही बिघडत नाही. मात्र पिल्लू असेल, आजारी असेल, तर हा नियम नाही. आणि पुरता एक दिवस उलटूनही खाल्लं नाही, किंवा मरगळलेला दिसला, तर मला फोन करायचा."

यातलं शेवटचं वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरले होते.

नियम घरात सांगितला, तेव्हा मुलं तयार झाली, हे तयार झाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी वाघ्यानं भोपळा घातलेला भात आणि अंडं हुंगलं, नेहमीप्रमाणे पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघत बसला. कार्यक्रम झाला नाही. पंधरा मिनिटांनी मी वाटी उचलली. तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की वर्गात पहिल्यांदाच छडी उगारल्यावर एखाद्या लाडक्या मुलानं बघावं! संध्याकाळीही तेच. रात्री तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर झोपला, आणि मध्यरात्री सासूबाईंच्या खोलीतला दिवा लागला.

मी उठून गेले. त्या हातात तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"अगं, मुकं जनावर आहे ते," त्या म्हणाल्या. "कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली, तर नामदेव महाराज त्याच्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले होते. कोरडं खाऊ नको म्हणून. आणि आपण भरलेली वाटी उचलून घ्यायची?"

यावर काय बोलणार? त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे बघून माझा आवाज आपोआप खाली आला. "आई, एक रात्र द्या मला," एवढंच म्हणाले. त्यांनी वाटी फडताळात ठेवली खरी, पण दाराची कडी जरा जोरात लावली.

अंथरुणावर पडल्यावर मात्र मला ती गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. नामदेवांच्या गोष्टीतला कुत्रा भाकरी तोंडात घेऊन पळत होता. त्याला भूक होती, तो खात होता, तूप त्याच्या घासाला सोबत म्हणून होतं. आमच्याकडे उलटं चाललं होतं. आमचा कुत्रा भाकरीपासून पळत होता, आणि आम्ही त्याला परत फिरवायला तूप दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वाघ्यानं अर्धी वाटी खाल्ली. संध्याकाळी पूर्ण. तिसऱ्या दिवशी वाटी ठेवायच्या आधीच तो जागेवर येऊन बसला होता, शेपटीनं फरशी झाडत.

सासूबाईंशी मी तह केला. वाटी वाढायचं काम त्यांचं, उचलायचं माझं. डॉक्टरांना विचारून चार थेंब तुपाची परवानगीही मिळवली. पण ते वाढतानाच भातात कालवायचं, त्यानं नको म्हटल्यावर वरून घालायचं नाही. तूप वाईट नव्हतं हो. तुपाची वेळ तेवढी चुकत होती. पाच-सहा महिन्यांत वाघ्या पंधरा किलोवर आला, आणि मी शेजारीपाजारी सल्ले वाटत सुटले. ज्याच्या घरी कुत्रा जेवत नाही, त्याला माझा पंधरा मिनिटांचा नियम तोंडपाठ! अगदी पोरांच्या आयांनासुद्धा मी तो ऐकवायची.

इथंच हा लेख संपला असता, तर मला फार बरं वाटलं असतं.

२०२३ चा जुलै. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, घरात सगळीकडे दमट वास. एका सोमवारी संध्याकाळी वाघ्यानं वाटीतलं अन्न तसंच ठेवलं. मी मनात म्हटलं, आले वाटतं नखरे परत! घड्याळ बघून वाटी उचलली. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. मी पुन्हा उचलली, आणि शाळेला निघून गेले. खरं सांगू, मला थोडा अभिमानच वाटत होता. आता मला जमतं, मी विरघळत नाही!

दुपारी परत आले तर सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, हे नखऱ्याचं नाही."

"आई, थांबा जरा. आज संध्याकाळी खाईल बघा."

"अगं, नखरे करायचा तेव्हा तो वाटीजवळ बसून आपल्याकडे बघायचा. आता तो वाटीकडेही बघत नाही, आपल्याकडेही बघत नाही. सकाळी दूधवाला आला तर उठला नाही. मोरीपाशी गार फरशीवर पडून आहे."

दूधवाल्यावर न भुंकलेला वाघ्या! आणि तरीसुद्धा मी ऐकलं नाही. संध्याकाळची वाटीही मी ठेवली आणि उचलली. तेव्हा तो मोरीपाशीच होता, जागचा हललाही नव्हता. बुधवारी सकाळी त्याच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. मग मात्र माझे हातपाय गळाले. ह्यांनी त्याला चादरीत गुंडाळून उचललं. एरवी रिक्षा दिसली की उडी मारून बसणारा आमचा वाघ्या, मान टाकून ह्यांच्या खांद्यावर पडून राहिला.

ताप १०४ डिग्री. कुत्र्याचा एरवीचा ताप १०१ ते १०२.५ असतो. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायच्या त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मग त्यांनी पंजाची बोटं फाकवली आणि मला म्हणाले, "हे बघा." बोटांच्या बेचक्यात दोन गोचिड्या, टम्म फुगलेल्या. रक्त तपासलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट्स, निरोगी कुत्र्यात दोन लाखांच्या वर असतात. वाघ्याच्या बेचाळीस हजार होत्या. गोचिडताप. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात शिरतात, आणि पावसाळी दमट हवेत गोचिड्यांचं फावतं.

"नाकातून रक्त आलं होतं का?" त्यांनी विचारलं. नव्हतं आलं. "मग वेळेत आलात म्हणायचं. एक-दोन दिवस आधी आला असता तर आणखी बरं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी पुटपुटले, "मला वाटलं नखरे करतोय." तर म्हणाले, "वहिनी, नियम बरोबरच होता. पण तो निरोगी कुत्र्यासाठी होता." तेव्हा मला त्यांचं ते विसरलेलं वाक्य आठवलं.

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, पूर्ण अठ्ठावीस दिवस. चार दिवसांत उड्या मारायला लागला तरी मध्येच थांबवायच्या नाहीत. आणि त्या उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, पोटात खाऊनच द्यायच्या. दुधातून दिल्या तर अंगी नीट लागत नाहीत, म्हणून दुधाचीही युक्ती चालणार नव्हती. म्हणजे बघा कसा प्रसंग! पूर्वी त्यानं खाऊ नये म्हणून सगळ्यांचे हात बांधले होते, आणि आता चार घास त्याच्या पोटात जावेत म्हणून सगळं घर त्याच्याभोवती बसलं होतं. या खेपेला मात्र ते नाटक नव्हतं.

ह्यांनी मागच्या अंगणात, डोक्यावर छत्री धरून, चिकनचं पाणी उकळलं. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही. मी कोमट करून वाटी नाकाशी धरली. त्यानं मान फिरवली. थोरल्यानं धरली, तेच. आम्हा तिघांच्या हाताला गोळीचा वास लागला होता की काय कोण जाणे, आम्ही जवळ गेलो की तो भिंतीकडे तोंड करायचा.

सासूबाई दारात उभ्या होत्या. माळ घातल्यापासून चाळीस वर्षांत वशाटाच्या भांड्याला त्यांचा हात लागलेला नाही. त्या भांड्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. त्या आत आल्या, गुडघ्यावर हात टेकत फरशीवर बसल्या, आणि माझ्या हातातून ती वाटी घेतली. काही बोलल्या नाहीत. दोन बोटं त्या पाण्यात बुडवून वाघ्याच्या ओठाला लावली. त्यानं डोळे उघडले. पुन्हा लावली. तिसऱ्या वेळेला त्यानं जीभ बाहेर काढली आणि त्यांची बोटं चाटली.

अर्ध्या तासात अर्धी वाटी पोटात गेली. मग गोळी, मग वर आणखी थोडं. सासूबाई उठल्या, डोक्यावरून अंघोळ केली, लुगडं बदललं आणि हरिपाठाला बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी त्यानं भात खाल्ला, आणि आठव्या दिवशी दूधवाल्यावर भुंकला. दूधवाला म्हणाला, "बरं झालं बाई, चुकल्यासारखं वाटत होतं." अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, पेशी दोन लाखांच्या पलीकडे गेल्या होत्या.

त्या आठवड्याबद्दल सासूबाईंनी मला आजवर एका शब्दानं टोचलेलं नाही. मीच एकदा म्हटलं, "आई, तुमचं ऐकायला हवं होतं." तर म्हणाल्या, "तुला नियम ठाऊक होता, मला वाघ्या ठाऊक होता. दोन्ही लागतं."

तेव्हापासून मी सल्ले देते ते जरा बेतानं. कुणाचा कुत्रा जेवत नाही असं कळलं, तर आधी विचारते, तो बघतो कसा? वाटीजवळ बसून तुमच्याकडे बघतोय, बिस्किटाचा पुडा वाजला की धावतोय, फिरायला जाताना उड्या मारतोय, तर ते नखरे. मग वही टांगा, वेळा ठरवा, वाटी उचला, आणि मन घट्ट करा. पण जे त्याला जीव की प्राण, त्यालाही तो नको म्हणतोय, मरगळून कोपरा धरलाय, पाणी कमी पितोय, उलट्या-जुलाब आहेत, हिरड्या फिक्या आहेत, किंवा खायला येतो पण घास तोंडातून टाकून देतो, म्हणजे दात दुखत असेल, तर घड्याळ बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. आपल्या तापाच्या गोळ्या मात्र त्याला मनानं देऊ नका, कुत्र्यांना त्या जिवावर बेततात. पावसाळ्यात फिरवून आणलं की कानाच्या आत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे ते धाकटीनं घेतलंय, आणि वहीत ती रोज 'गोचिडी – ०' असं लिहिते. गोचिड्यांचं औषधही आता आम्ही डॉक्टर सांगतात त्या त्या वेळी चुकवत नाही.

आजही सकाळी आठ वाजता आमच्याकडे वाटी वाढली जाते. सासूबाई भात कालवतात, चार थेंब तूप सोडतात, वाटी जमिनीवर ठेवतात आणि म्हणतात, "पांडुरंग." मी पाठ फिरवून चपात्या लाटत असते. कधीकधी मागून चमच्याचा आवाज जरा जास्त वेळ येतो. चाराचे सहा थेंब होत असावेत. मी वळून बघत नाही.